प्रायश्चित्त कोण करतं? क्रूस, उपवास आणि स्वतःला दिलेली शिक्षा

प्रश्न थोडक्यात असा: मंडळीतल्या एका ओळखीच्या माणसाने विश्वासाने सांभाळायला दिलेले पैसे प्रश्न विचारणाऱ्याने वापरून टाकले, आणि हे अजून कुणालाच माहीत नाही. देवाकडे क्षमा मागून झाली, तरी मन खातं. म्हणून बुधवार-शुक्रवार निर्जळी उपवास, जमिनीवर झोपणं आणि अधूनमधून स्वतःला मारून घेणं चालू आहे. इतकं भोगल्यावर पाप फिटेल का? आणि ख्रिस्ताने सगळं आधीच भोगलं असेल, तर चर्च ईस्टरआधीचा उपवासकाळ पाळायला का सांगतं?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे, आणि तो उलगडला की पहिल्यातली गाठही सुटते.

गोंधळ बराचसा आपल्या भाषेतून येतो. मराठीत प्रायश्चित्त ही पाप करणाऱ्याने घ्यायची गोष्ट आहे. धर्मशास्त्रात त्याची मापंही ठरलेली आहेत. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचं: तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, आणि शेवटचे तीन दिवस काहीच नाही. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास कमी करत अमावास्येला पूर्ण उपवास, मग पुन्हा एकेक वाढवत पौर्णिमेला पंधरा घास. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी हाच शब्द उचलला, कारण जवळचा दुसरा नव्हता. पण बायबलमध्ये त्याची दिशा फिरलेली आहे. लेवीय 17:11 मध्ये देव सांगतो की रक्तात जीव आहे आणि वेदीवर प्रायश्चित्त व्हावं म्हणून ते 'मी तुम्हांला दिलं आहे'. म्हणजे प्रायश्चित्ताचं साधन माणूस देवाकडे नेत नाही, देवच ते माणसाच्या हाती देतो. मूळ हिब्रू धातूचा अर्थ झाकणं किंवा पुसून काढणं या अंगाने जातो. भोगून संपवणं हा अर्थ त्यात नाही.

दुसरा शब्द पश्चात्ताप. त्यात 'ताप' बसलेलाच आहे, त्यामुळे जितकी होरपळ जास्त तितका पश्चात्ताप खरा असं आपल्याला न शिकवताच वाटतं. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे मेतानोइया, मन बदलणं. जुन्या करारातला हिब्रू शब्द त्याहून साधा आहे, माघारी वळणं. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी गाडी पकडतो. उतरताना तो किती रडला यावरून तो घरी पोहोचेल की नाही हे ठरत नाही. रडू येणं साहजिक आहे, पण भाडं म्हणून त्याचा उपयोग नाही.

आता लेवीयचा 16वा अध्याय उघडा. वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी तिथे आहे. दोन बोकड आणले जातात. एकाचा बळी दिला जातो आणि त्याचं रक्त महायाजक पडद्याआड नेऊन दयासनापुढे, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणापुढे, सात वेळा शिंपडतो. दुसऱ्याच्या डोक्यावर तो दोन्ही हात ठेवतो, लोकांची पापं उच्चारून कबूल करतो आणि त्या जिवंत बोकडाला रानात सोडून दिलं जातं. लोकांनी त्या दिवशी काय करायचं? जिवाला दंडन, म्हणजे उपवास, आणि कामधंदा पूर्ण बंद. काम बंद हे तपशिलात वाचून पुढे जायचं वाक्य नव्हे. प्रायश्चित्त घडत असताना लोकांचे हात रिकामे असतात. ते त्यांच्यासाठी दुसरा कुणीतरी करत असतो. त्यांचा उपवास त्या विधीत कुठलीही भर घालत नाही, तो फक्त 'हे आमच्यासाठी चाललं आहे' याची कबुली असतो. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांत हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या दारं बंद ठेवून, उपवासाने पाळला गेला. मंदिर आणि बळी नसताना यहुदी परंपरेने या दिवसाचा अर्थ स्वतःच्या वाटेने लावला आहे. इथे बोलणं ख्रिस्ती वाचनाबद्दल आहे.

ते वाचन नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आहे, आणि त्यातला एक बारकावा उपदेशांत क्वचित ऐकू येतो. 10व्या अध्यायात लेखक म्हणतो, प्रत्येक याजक दररोज सेवा करत 'उभा' असतो, तेच ते यज्ञ पुन्हा पुन्हा करतो. ख्रिस्त मात्र पापांबद्दल एकच यज्ञ कायमचा अर्पून 'बसला'. निवासमंडपाच्या, म्हणजे मंदिराआधीच्या उपासनेच्या तंबूच्या, सामानाची यादी निर्गममध्ये आहे: मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, कोश. बसायला आसन कुठेही नाही, कारण तिथलं काम संपतच नसे. काम संपलेला माणूस बसतो. आपण गुडघे सोलून, उपाशी राहून तेच काम पुन्हा हाती घेतो, तेव्हा नकळत त्याला 'उठ, अजून थोडं राहिलंय' असं सांगत असतो.

क्रुसावरच्या 'पूर्ण झाले आहे' या शब्दांबद्दल एक सावधगिरी. त्या काळी कर्ज फिटल्याच्या पावतीवर हाच ग्रीक शब्द लिहीत, म्हणून त्याचा अर्थ 'पूर्ण रक्कम चुकती' असा होतो, हे व्यासपीठावरून वारंवार सांगितलं जातं. त्या पावत्यांचा पुरावा कच्चा आहे. योहानाने दोनच वचनं आधी, 19:28 मध्ये, हेच क्रियापद सगळं सिद्धीस गेलं या अर्थाने वापरलं आहे, आणि तेवढा अर्थ पुरेसा आहे. पावतीची गोष्ट ऐकायला छान आहे, पण ती मनात बसली की क्रूस म्हणजे हिशेबवहीतली एक नोंद वाटू लागते. मग माणूस आपल्या बाजूच्या नोंदीही करायला बसतो: इतके उपवास, इतक्या रात्री जमिनीवर.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतक आहे: ख्रिस्ताच्या वेदनेच्या प्रमाणात तारण झालं, म्हणून आपल्या वेदनेच्या प्रमाणात क्षमा मिळेल. शुभवर्तमानं हे गृहीतक उचलून धरत नाहीत. मार्काने फटक्यांना ग्रीकमध्ये एक शब्द दिला आहे, आणि प्रत्यक्ष क्रुसावर खिळण्याला दोन: 'त्याला क्रुसावर खिळलं'. खिळे किती, जखमा किती, रक्त किती, काही नाही. जखमा मोजण्याची भक्ती मध्ययुगात वाढली आणि तिच्यातून सुंदर चित्रं आणि गीतंही आली, पण शुभवर्तमानकारांचं लक्ष दुसरीकडे होतं. फिलिप्पै 2:8 सांगतं की तो मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. योहान 10:18 मध्ये येशू म्हणतो की माझा जीव माझ्यापासून कुणी घेत नाही, मी स्वतः होऊन तो देतो. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसनेही हेच धरून ठेवलं होतं: ख्रिस्ताच्या दुःखसहनाला मोल आहे ते ज्या प्रेमाने त्याने ते सोसलं त्यामुळे. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, हे स्वतःला मारून घेणाऱ्याने दोनदा वाचावं. तो वेदनेच्या शोधात नव्हता. प्रेमाच्या वाटेवर वेदना आडवी आली, आणि तो वाट सोडून गेला नाही.

इथेच एक उलटी चूकही होते. रागावलेला बाप आणि मध्ये पडून मार खाणारा निष्पाप मुलगा, असं चित्र अनेक संडे स्कूलमध्ये रंगवलं जातं. मग मोठेपणी मुलं विचारतात की हा कसला न्याय, आणि त्यांचं चुकत नाही. पौल 2 करिंथ 5:19 मध्ये म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. क्रुसावर देव एका बाजूला आणि ख्रिस्त दुसऱ्या बाजूला अशी फळी नाही. ज्याचा अपराध झाला, त्यानेच तो अपराध स्वतःच्या अंगावर घेतला. हे कसं घडलं याच्या मांडण्या वेगवेगळ्या झाल्या. 11व्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अन्सेल्मने ती मानभंगाच्या भरपाईच्या भाषेत मांडली, अबेलार्डने प्रेम जागवणाऱ्या प्रेमाच्या, प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांनी न्यायालय आणि शिक्षेच्या, आणि आरंभीच्या मंडळीतल्या अनेकांनी मृत्यू व सैतानावरच्या विजयाच्या. कुठलीही मांडणी घ्या, करणारा बदलत नाही.

मग ख्रिस्ती लोक स्वतःला फटके मारून घेताना दिसतात ते कुठून आलं? थोडा इतिहास लागेल. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठांमधून प्रायश्चित्ताच्या हस्तपुस्तिका निघाल्या: अमुक पापाला इतके दिवस भाकर-पाणी. हेतू चांगला होता. आधीची सार्वजनिक शिक्षा फार कठोर होती आणि आयुष्यात एकदाच घेता येई. इथे पापनिवेदन खाजगी झालं आणि पुन्हा करता येऊ लागलं. पण दरपत्रक आलं की सवलतही येते. भाकर-पाण्याच्या दिवसांऐवजी स्तोत्रं म्हणा, पुढे पैसे द्या. 11व्या शतकात पीटर डेमियन या संन्याशाने मठवासींसाठी चाबकाची 'शिस्त' उचलून धरली. 1260 मध्ये इटलीतल्या पेरुजातून स्वतःला फटके मारत जाणाऱ्यांच्या मिरवणुका निघाल्या, आणि 1349 च्या प्लेगमध्ये त्यांची लाटच आली. सामील होणाऱ्याने साडेतेहतीस दिवस काढायचे, ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांइतके. एवढ्याने सगळी पापं धुतली जातात असा दावा होऊ लागला, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरात पोप सहावा क्लेमेंट याने त्यावर बंदी घातली. म्हणजे देहदंडाने पाप फिटतं ही समजूत खुद्द मध्ययुगीन चर्चलाही मान्य नव्हती, हे विसरलं जातं.

आजचं नेहमीचं उदाहरण फिलिपाइन्सचं. पाम्पांगा प्रांतात गुड फ्रायडेला काही जण पाठीवर फटके मारून घेतात, सान पेद्रो कुतुद गावात काही जण खरोखर क्रुसावर खिळवून घेतात. तिथले कॅथॉलिक बिशप याला प्रोत्साहन देत नाहीत, आणि आरोग्य खातं धनुर्वाताची लस घ्या, खिळे निर्जंतुक करा असं सांगत राहतं. यातले कित्येक जण पाप फेडण्यासाठी हे करतच नाहीत. आजारातून कुणी उठावं म्हणून बोललेलं ते पुरं करत असतात. मराठीत त्याला जवळचा शब्द प्रायश्चित्त नसून नवस आहे.

आता उपवासकाळाकडे. 'दंड' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. कोर्टात दंड भरतात, आखाड्यात दंड काढतात. ख्रिस्ती उपवास हा दुसऱ्या जातीचा आहे. 1 करिंथ 9:27 मध्ये पौल शरीराला ठोसे देण्याची भाषा वापरतो, पण आजूबाजूची वचनं वाचा: सगळी उपमा धावपटूची आणि मुष्टियोद्ध्याची आहे. तालीम करणारा पैलवान मागच्या कुस्तीतल्या पराभवाची भरपाई करत नसतो, पुढच्या कुस्तीसाठी अंग तयार करत असतो. तोच पौल कलस्सै 2:23 मध्ये सांगतो की शरीराला कठोर वागवणं शहाणपणाचं दिसतं खरं, पण वासना आवरायला त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून कॅथॉलिक नियमही किती मोजका आहे ते पाहा. उपवास सक्तीचा आहे तो वर्षात दोनच दिवस, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तोही 18 पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. एक पूर्ण जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडं काही घेतलं तरी चालतं. मांस वर्ज्य 14 वर्षांपुढच्यांना. पाणी कुठेही वर्ज्य नाही. तुमची निर्जळी चर्चने सांगितलेली नाही. मधुमेह, गर्भारपण, दूध पाजणं, रोज घ्यायच्या गोळ्या अशा वेळी उपवास सोडणं हे पाप नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सक्ती नसते, ज्याने त्याने ठरवायचं. दोन्हीकडे एक जुना दंडक आहे, आणि तो यशया 58 मधून येतो: जे खाल्लं नाही त्याचे पैसे भुकेल्याकडे जायला हवेत. वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर ते नुसतं डाएट झालं.

पापनिवेदनानंतर, वसई-गोव्याकडच्या बोलीत कुमसारानंतर, धर्मगुरू जे प्रायश्चित्त देतात त्याबद्दलही हाच गैरसमज असतो. ती क्षमेची किंमत नव्हे. क्षमा मिळाल्यावर पापाने जे मोडलं ते सांधायला लागण्याचं ते पहिलं पाऊल. 1551 मध्ये कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनेही लिहून ठेवलं की ही भरपाई आपली असली तरी ख्रिस्ताद्वारेच ती आपली होते. क्षमेनंतरही उरणाऱ्या तात्पुरत्या शिक्षेबद्दल कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात खरा मतभेद आहे, आणि तो लहान नाही. पण तुम्ही जे करताय ते दोघांपैकी कुणाच्याही शिकवणीत बसत नाही.

जेज्विट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस, त्याची गोष्ट इथे कामाची आहे. 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात तो तुमच्यासारखाच अडकला होता. तीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करायची, तरी समाधान नाही, जीव द्यावासा वाटायचा, आणि शेवटी आठवडाभर पूर्ण उपाशी. त्याच्या पापनिवेदकाने त्याला जेवायची आज्ञा केली, आणि जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं ठरवल्यावर तो सुटला. 1548 मध्ये तोच इग्नेशियस आपल्या संघातल्या फ्रान्सिस बोर्जाला पत्रात कळवतो की उपवास कमी कर, शरीर सांभाळ, आणि रक्त निघेल असं काहीही करू नकोस. ज्याने हे सगळं करून पाहिलं, त्याचा हा सल्ला आहे.

आता पैशाचं, कारण खरं काम तिथेच अडलंय. तुमचं शरीर सगळं भोगतंय, आणि ज्याचे पैसे गेले त्याला एक रुपयाही परत मिळालेला नाही. स्वतःला दिलेल्या शिक्षेचा हा सगळ्यात मोठा तोटा: ती भरपाईसारखी वाटते आणि खऱ्या भरपाईची जागा अडवून बसते. गणना 5:7 मध्ये नियम स्पष्ट आहे. पाप कबूल करायचं, मुद्दल पूर्ण द्यायचं आणि त्यावर पाचवा हिस्सा. 50,000 रुपये घेतले असतील तर 60,000. माणूस हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाला, तोही नसेल तर ती रक्कम देवाची म्हणून याजकाकडे. आज त्याचा अर्थ मंडळीच्या मदतनिधीत किंवा गरजूला. एकरकमी जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवा आणि पहिला हप्ता कबुलीच्या दिवशीच द्या, नाहीतर कबुली नुसतीच राहते. पाकिटात निनावी पैसे टाकून मोकळं होणं ही नेहमीची पळवाट आहे. त्यात पैसे पोहोचतात, विश्वास परत येत नाही. रक्कम मोठी असेल तर आधी वकिलाशी बोला, पण त्या निमित्ताने वर्ष ढकलू नका.

आणि क्रम चुकवू नका. लूक 19 मध्ये जकातदार जक्कय चौपट परत करायचं म्हणतो, पण त्याआधी येशू त्याच्या घरी उतरायला निघालेला असतो. जक्कयाने परत केलं म्हणून येशू आला नाही. येशू आला म्हणून जक्कयाच्या मुठी सुटल्या. तुम्ही पैसे देताना मनात 'आता फिटलं' असं आलं, तर तो हिशेब पुन्हा सुरू झाला असं समजा. त्या माणसाने माफ केलं नाही, हेही होऊ शकतं. तो त्याचा हक्क आहे. देवाची क्षमा त्याच्या उत्तरावर टांगलेली नाही.

कबुली कशी द्यायची? पापाचं नाव घेऊन, साध्या वाक्यात: 'मी तुमचे इतके पैसे, अमुक महिन्यात, तुम्हांला न विचारता वापरले.' 'चुकून', 'परिस्थितीमुळे', 'मी फार वाईट माणूस आहे' हे तिन्ही गाळा. शेवटचं वाक्य नम्र वाटतं, पण त्याने समोरच्यावर तुमचं सांत्वन करायची पाळी येते. देवापुढे 1 योहान 1:9 पुरेसं आहे. कॅथॉलिक असाल तर धर्मगुरूंकडे जा, नसाल तर याकोब 5:16 प्रमाणे एका जाणत्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाकडे. एकदाच. तेच पाप दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कबूल करावंसं वाटलं, तर त्या ओढीलाच नकार द्यायचा असतो. पंडिता रमाबाईंनी बालपणापासून उपवास, स्नानं, तीर्थयात्रा केल्या होत्या. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. धर्म बदलला तरी कमवायची सवय तशीच राहू शकते, हे त्यांच्याइतकं स्वच्छ मराठी माणसांत फार थोड्यांनी सांगितलं आहे.

स्वतःला मारून घेणं आजपासून थांबवा. हे आध्यात्मिक शिस्तीच्या चौकटीत येत नाही. 1 राजे 18:28 मध्ये अंगावर वार करून घेणारे बआल या परक्या दैवताचे संदेष्टे होते, देवाचा संदेष्टा एलीया नव्हे. हात आवरत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत. पाळकांकडे जाणं आणि डॉक्टरांकडे जाणं यांत निवड करावी लागत नाही, दोन्हीकडे जा.

येत्या बुधवारी निर्जळी सोडा. सकाळी नीट जेवा, पाणी प्या, आणि त्या माणसाला फोन करून भेटायची वेळ ठरवा. उपवास पुन्हा करायचा असेल तर पैसे परत करायला सुरुवात झाल्यावर करा, एका जेवणाचा करा, त्या जेवणाचे पैसे बाजूला काढा, आणि मत्तय 6:17 सांगतं तसं त्या दिवशी तोंड धुऊन, केसांना तेल लावून बाहेर पडा.